हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नेमकं काय बनायचं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही हटके नावांच्या मराठी सिनेमांची एक चौकट दिली होती. त्यात 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा भारतातला पहिला सिनेमा कसा काढला, त्यावरचा परेश मोकाशींचा सिनेमा) या नावापुढे छापलंय की सिनेमा म्हणजे स्वप्नांचा कारखाना, म्हणून दिग्दर्शकाने नावात फॅक्टरी शब्द घातला. हे दुसऱ्या कुठल्या शहरातल्या पेपरात आलं असतं तर सोडून दिलं असतं हो, पण त्र्यंबकेश्वर जिथून तासाभराच्या आत आहे आणि दादासाहेब फाळक्यांनी जिथे पुढचे बहुतेक मोठे सिनेमे काढले त्या नाशिकच्या आवृत्तीत असं छापून यावं म्हणजे अतीच झालं, म्हणून हे लांबलचक पत्र. जागा कमी असेल तर बिनधास्त कात्री लावा पण मधला मुद्दा ठेवा.

आधी एक सांगतो, या नावाची गंमत अशी की त्यात न कळण्यासारखं काहीच नाही. 'फँड्री' आला तेव्हा थिएटरबाहेर प्रत्येक जण एकमेकाला विचारत होता की फँड्री म्हणजे काय, मग कळलं की कैकाडी भाषेत डुकराला म्हणतात, आणि तिथे विषय संपला. शब्द माहीत नव्हता, माहीत झाला, बास. इथे मात्र हरिश्चंद्र शाळेतल्या पोराला माहितीये आणि फॅक्टरी तर नाशिकमध्ये ज्याच्या घरात कोणी ना कोणी सातपूर-अंबडला कामाला आहे त्याला सांगायलाच नको, त्यामुळे कोणी विचारतच नाही. प्रत्येकाला वाटतं आपल्याला कळलंय. मग कोणी म्हणतं स्वप्नांचा कारखाना, कोणी म्हणतं दिग्दर्शकाने नुसता मॉडर्न टच दिलाय, आमच्या ओळखीतल्या एकाला तर कितीतरी दिवस हा हरिश्चंद्रगडावरचा सिनेमा वाटत होता, ट्रेकवाला आहे तो, त्याला सगळीकडे कोकणकडाच दिसतो.

खरी गोष्ट अशी आहे की हे नाव परेश मोकाशींनी जाहिरातीसाठी जुळवलेलं नाही, ती एक थाप आहे. साधीसुधी, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना मारायची थाप, आणि ती मारायला खुद्द फाळक्यांनी आपल्या लोकांना शिकवली होती. १९१२ साली दादरला 'राजा हरिश्चंद्र'चं काम सुरू झालं तेव्हा त्यात काम करणाऱ्यांना लाज वाटायची. लाज म्हणजे अशी तशी नाही, तोंडाला रंग फासणारा माणूस म्हणजे वाया गेलेला असा तेव्हाचा सरळ हिशोब होता. नाटकवाल्यांनाच लोक नीट उभं करत नव्हते, आणि हे तर नाटकही नाही, कुठली तरी विलायती हलती चित्रं, त्याचं तर नावही कोणी ऐकलेलं नाही. मग पाहुण्यांनी, घरमालकाने, लग्न ठरवायला आलेल्यांनी विचारलं की काय करतोस रे बाबा, तर सांगायचं काय? फाळक्यांनी तोड काढली, सांगा की हरिश्चंद्र नावाच्या एका गृहस्थाच्या फॅक्टरीत कामाला आहे. बस्स, तिथून ते नाव आलं. सिनेमातही हे दाखवलंय, आणि हा किस्सा त्या काळातल्या आठवणींतलाच आहे; मोकाशींना हा सिनेमा सुचला तो बापू वाटवे यांनी लिहिलेल्या फाळक्यांच्या चरित्रावरून.

आता जरा त्या थापेची कारागिरी बघा. खोटं बोलायला नाव कोणाचं घेतलं तर हरिश्चंद्राचं! आपल्याकडे आजही कोणी फार खरेपणा दाखवायला लागला की आपण म्हणतो, मोठा हरिश्चंद्र लागून गेलास. ज्याने शब्दासाठी राज्य सोडलं, बायको-पोरगा विकला, स्मशानात डोंबाच्या हाताखाली काम केलं, त्या सत्यवादी राजाच्या नावावर सगळी मंडळी रोज बिनदिक्कत थाप मारत होती. आणि त्यातही मेख अशी की ती पूर्ण थाप नव्हतीच, पक्कं 'नरो वा कुंजरो वा' होतं. हरिश्चंद्र होता, त्याचं काहीतरी बनत होतं, पगारही मिळत होता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणी हरिश्चंद्र शेठ उभा राहिला, धोतर-टोपीतला, गल्ल्यावर बसलेला, तर त्यात बोलणाऱ्याचा काय दोष? म्हणजे धर्मराजाची युक्ती हरिश्चंद्राच्या नावाने वापरली असं म्हणा ना. मला तर वाटतं फाळके त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्याच्या घरातले, वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित, त्यामुळे असली शब्दातली पळवाट त्यांना घरातूनच मिळाली असणार.

आता मुद्दा फॅक्टरी शब्दाचा, कारण तुमच्या चौकटीत घोळ तिथेच झालाय. आपण नाशिककर कोणालाही विचारलं की काय करतोस तर तो सांगतो 'कंपनीत आहे', आणि विचारणारा पण पुढे विचारत नाही की कंपनी काय बनवते, नट-बोल्ट बनवते का औषधाच्या गोळ्या, पर्मनंट आहे का कॉन्ट्रॅक्टवर एवढंच विचारतो. नाशिकरोडला 'प्रेसमध्ये आहे' म्हटलं की झालं, तिथे नोटा छापतात हे सगळ्यांना माहीत, स्थळ पक्कं. मी स्वतः अंबडला नोकरी केली आणि माझ्या सख्ख्या मामाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं की मी तिथे नक्की काय करतो, पण कंपनीत आहे म्हटल्यावर तो खुश होता. मग फाळक्यांनी 'कंपनी' का नाही सांगितलं? माझा आपला अंदाज आहे, पटला तर बघा. त्या काळात मराठी माणसाच्या कानाला कंपनी म्हणजे पहिल्यांदा नाटक कंपनी! 'कंपनीत आहे' म्हटलं असतं तर आगीतून उठून फुफाट्यात, कारण नेमकं तेच तर लपवायचं होतं. बरं मग 'गिरणीत आहे' सांगावं तर दादर-परळ-लालबाग सगळा गिरणगावाचा शेजार, ऐकणारा लगेच विचारणार कुठली गिरणी, कुठलं खातं, साच्यावर आहेस का, जॉबर कोण, पाळी कुठली, आणि दोन प्रश्नांत सगळं उघडं पडणार. फॅक्टरी म्हटलं की तसं होत नाही. शब्द इंग्रजी, वजनदार, त्यात मशीन असणार एवढं कळतं पण काय बनतं ते कळत नाही, आणि विचारणाऱ्यालाच वाटतं की आपल्याला माहीत नाही हे दाखवायला नको. तर तो शब्द असा निवडून काढलेला आहे. स्वप्नंबिप्नं काही नाही त्यात, उलट कोणाला स्वप्नात पण संशय येऊ नये म्हणून घातलेला शब्द आहे तो.

कोण कोण होते या फॅक्टरीत कामाला ते पण सांगतो. राजाचं काम केलं दत्तात्रय दामोदर दाबके यांनी, ते नाटकातलेच. राणी तारामतीसाठी फाळक्यांनी बाई मिळवायचा जंग जंग पछाडून प्रयत्न केला, पार बदनाम वस्तीतही जाऊन विचारलं, पण कोणी टिकेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकी असलेला अण्णा साळुंके दिसला, चेहरा नाजूक, हात सडसडीत. त्याला तिथे महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा सांगितले, आणि भारताची पहिली नायिका ठरली! पाच रुपये वाढ म्हणजे पगाराच्या निम्मी हो, आमच्या युनियनने पण कधी मिळवून दिली नाही. हाच साळुंके १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पण झाला आणि सीता पण झाला, आणि नंतर कॅमेरामनही झाला, म्हणजे फॅक्टरीत सगळ्या मशीनवर फिरवलेला कामगारच म्हणायचा. बाईच्या वेषातल्या बाकीच्यांनी मिशा काढायला नकार दिला होता असं सांगतात, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही. राजाचा मुलगा रोहिदास मात्र घरचाच होता, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, त्याला कोणाला काही सांगायची गरज पडली नसेल.

आणि माझं म्हणणं असं की थाप मारता मारता ही मंडळी खरंच बोलत होती, कारण दादरच्या त्या बंगल्यात चालू होतं ते फॅक्टरीचंच काम होतं. आज आपल्याला सिनेमा म्हटलं की मेकअप, लाइट, हिरोची व्हॅन दिसते. फाळके गेले १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला, विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून, आणि आले ते विल्यमसनचा कॅमेरा ठरवून, शिवाय फिल्मला भोकं पाडायचं मशीन, प्रिंट काढायचं मशीन. कच्ची फिल्म यायची ती बिनभोकाची. तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकतच नाही, कारण दातेरी चाक त्या भोकांत अडकून फिल्म ओढतं. आणि हे काम करायचं अंधाऱ्या खोलीत, उजेड लागला की फिल्म गेली. हे काम केलं सरस्वतीबाई फाळक्यांनी. आता मी कंपनीतला माणूस, मला आकडा काढल्याशिवाय चैन पडत नाही. 'राजा हरिश्चंद्र' होता ३७०० फूट. एका फुटाला एका कडेला ६४ भोकं, दोन्ही कडा मिळून १२८, म्हणजे नुसत्या पडद्यावर दिसलेल्या लांबीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं होतात. फुकट गेलेली फिल्म वेगळी, निगेटिव्ह वेगळी, प्रिंट वेगळी. मशीन होतं हे खरं पण ते हाताने चालवायचं, आणि भोक जरा इकडेतिकडे झालं की पडद्यावर चित्र थरथरणार, म्हणजे क्वालिटी कंट्रोल पण त्याच बाईकडे. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, दुपारी शूटिंगला उन्हाचा उजेड फेकायला पांढरी चादर धरून उभं राहायचं, रात्री भोकं आणि फिल्म धुवायची रसायनं. ओव्हरटाइमचं नाव नाही. त्यांचे दागिने पण यातच गेले. त्यामुळे फॅक्टरी कोणाची असा प्रश्न कोणी विचारलाच तर मी हरिश्चंद्राच्या आधी सरस्वतीबाईंचं नाव घेईन.

एक किस्सा मात्र सांगायलाच पाहिजे, कारण तिथे ही थाप चालली नाही. बाहेरचं शूटिंग वांगणीला होतं. मंडळी पुढे गेली, ढाली-तलवारी घेऊन. फाळके मागून येणार होते. गावकऱ्यांनी बघितलं की एवढे शस्त्रधारी लोक गावात उतरलेत, त्यांना वाटलं दरोडेखोर, पाटलाने फौजदाराला कळवलं आणि सगळ्यांना धरलं. आता तिथे काय सांगणार, फॅक्टरीत कामाला आहोत म्हणून? तलवारीची फॅक्टरी? शेवटी फाळके आले, त्यांनी फिल्म न घालताच कॅमेरा लावून शूटिंग कसं असतं ते करून दाखवलं तेव्हा सुटका झाली. मला या सगळ्यातलं हे सगळ्यात आवडतं, की पोलिसांसमोर शेवटी खरंच सांगावं लागलं, हरिश्चंद्रासारखं.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला, चांगलाच चालला. त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. इथे आल्यावरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी उभ्या राहिल्या, म्हणजे वर्षभराच्या आत बाई मिळत नाही ही अडचण संपली. १९१८ ला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, ती पण नाशिकलाच.  'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' ही सगळी त्या कंपनीची, त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. स्वतःच्या मुलीला पडद्यावर आणणाऱ्या माणसाला आता कसली फॅक्टरी सांगायची गरज. त्यामुळे हरिश्चंद्राची फॅक्टरी ही जेमतेम एका सिनेमापुरती उघडलेली आणि बंद झालेली फॅक्टरी आहे, आणि म्हणूनच मोकाशींचा सिनेमा पण साधारण त्याच काळात थांबतो, पुढचं अख्खं आयुष्य दाखवत नाही. पुढचं आयुष्य हलकंफुलकं नव्हतं. भागीदारांशी भांडणं, काशीला जाणं, परत येणं, बोलपट आल्यावर मागे पडणं, १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा, आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला इथे नाशिकमध्येच गेले.

काही जणांनी तेव्हा नाक मुरडलं होतं की एवढ्या मोठ्या माणसावरचा सिनेमा आणि त्याला असं विनोदी नाव, नावात फाळके पण नाहीत. माझं मत उलटं आहे. 'दादासाहेब फाळके' नाव दिलं असतं तर सिनेमा पुतळा उघडण्याच्या कार्यक्रमासारखा वाटला असता, हार-तुरे, भाषण, आणि मधल्या रांगेत जांभया. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहेच, शासकीय पुरस्कार १९६९ पासून आहेच, नावाला कमतरता नाही. मोकाशींनी सिनेमाला त्या कामगारांच्या तोंडचं नाव दिलं. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडेंची सरस्वती बघताना जी मजा येते ती त्या नावातच पहिल्यापासून आहे, की आपण सगळे मिळून काहीतरी भन्नाट करतोय आणि बाहेर कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. 'श्वास'नंतर ऑस्करला भारतातर्फे गेलेला हा दुसराच मराठी सिनेमा, २००९ साली. तिकडच्या परीक्षकांना फॅक्टरी म्हटल्यावर काय वाटलं असेल कोण जाणे, पण निदान आपल्याकडे तरी अर्थ नीट छापला गेला पाहिजे.

तर विनंती अशी की पुढच्या रविवारी त्याच जागी दोन ओळींचा खुलासा टाका, स्वप्नांचा कारखाना काढा आणि थापेचा किस्सा घाला. आणि खुलासा टाकताना टाइप करणाऱ्याला सांगा की 'हरिश्चंद्र' असं लिहायचं, कारण तुमच्या चौकटीत मोठ्या अक्षरात 'हरिशचंद्राची' पडलंय.

कळावे,
आपला एक वाचक,
सिडको, नाशिक